प्रकाशरासायनिक धूरके : शोध व नियंत्रण यांचा इतिहास

प्रकाशरासायनिक धूरके : शहरांतील हवेत मिसळलेली नायट्रोजनाची ऑक्साइडे व हायड्रोकार्बने यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जे ओझोनयुक्त, डोळ्यांना झोंबणारे व दृश्यमानता कमी करणारे मिश्रण हवेत तयार होते, त्यास ‘प्रकाशरासायनिक धूरके’ असे म्हणतात. यातील प्रमुख अपायकारक घटक म्हणजे ओझोन होय. तो कोणत्याही धुराड्यातून वा मोटारगाडीतून थेट बाहेर पडत नाही, तर अन्य प्रदूषकांपासून हवेतच तयार होतो. त्यामुळे त्याचे मूळ शोधून काढण्यास बराच काळ लागला. या प्रकारच्या धूरक्याचा प्रथम अनुभव व शास्त्रीय उलगडा अ. सं. सं. मधील लॉस अँजेल्स या शहरात झाला. म्हणून त्यास ‘लॉस अँजेल्स धूरके’ असेही म्हणतात. पुढे टोकिओ, मेक्सिको सिटी, बीजिंग, दिल्ली इ. शहरांतही ते आढळून आले.

दोन प्रकारची धूरकी : धूर व धुके या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून बनविलेली ‘स्मॉग’ ही संज्ञा ब्रिटिश वैद्य एच. ए. दे व्हू यांनी १९०५ मध्ये प्रचारात आणली. त्या वेळी त्यांच्यासमोर लंडनमधील हिवाळी धुके होते. घराघरांतून व कारखान्यांतून जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर व त्यातील सल्फर डाय-ऑक्साइड हा वायू थंड, दमट हवेत साचून ते तयार होई. अशा हवेचा रासायनिक गुणधर्म क्षपणकारक असतो. बेल्जियममधील म्यूझ नदीचे खोरे (१९३०), अ. सं. सं. मधील डोनोरा (१९४८) व लंडन (डिसेंबर १९५२) येथील प्राणघातक घटना या प्रकारच्या आहेत. लंडनमधील घटनेत सुमारे ४,००० माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला होता. नंतरच्या अभ्यासांत ही संख्या याहून बरीच मोठी असल्याचे दिसून आले. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये १९५६ साली शुद्ध हवा अधिनियम संमत झाला.

लॉस अँजेल्समधील धूरके याहून सर्वस्वी वेगळे होते. ते थंडीत व पहाटे नव्हे, तर उन्हाळ्यात व शरद ऋतूत, स्वच्छ सूर्यप्रकाश असताना भर दुपारी तीव्र होत असे. हवा कोरडी असे. धूरक्याचा रंग तपकिरी व वास ब्लीचिंग पावडरीसारखा असे. त्यामुळे डोळ्यांतून पाणी येई व घसा खवखवे. ही हवा क्षपणकारक नसून तीव्र ऑक्सिडीकारक आहे, हा मुख्य भेद मात्र पुढे काही वर्षांनी लक्षात आला.

भौगोलिक पार्श्वभूमी : लॉस अँजेल्सचे खोरे पश्चिमेस व दक्षिणेस पॅसिफिक महासागराने आणि उत्तरेस व पूर्वेस सॅन गेब्रिएल, सॅन बर्नार्डिनो इ. पर्वतरांगांनी वेढलेले आहे. समुद्रावरून येणारी थंड हवा खाली व उच्च दाबाच्या पट्ट्यात खाली उतरून तापलेली हवा तिच्यावर, अशी स्थिती तेथे वर्षातील बहुतेक महिने असते. उंचीनुसार तापमान कमी होण्याऐवजी वाढण्याच्या या आविष्कारास तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. व्युत्क्रमणाचा थर झाकणासारखे कार्य करतो. त्यामुळे खालची हवा वर जाऊ शकत नाही आणि पर्वतांमुळे ती बाजूंनाही फारशी पसरू शकत नाही. स्पॅनिश समन्वेषक क्वान रॉद्रीगेस काब्रीयू हा १५४२ मध्ये या किनाऱ्यावर आला, तेव्हा स्थानिक आदिवासींनी पेटविलेल्या आगींचा धूर तेथे साचून राहिलेला पाहून त्याने एका उपसागरास ‘धुराचा उपसागर’ असे नाव दिले होते. धूर कोंडून धरण्याची या खोऱ्याची प्रवृत्ती अशा प्रकारे फार जुनी आहे. विसाव्या शतकात तिच्यात खनिज तेलाच्या विहिरी, परिष्करण कारखाने व लक्षावधी मोटारगाड्या यांची भर पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे विमाने, जहाजे व इतर युद्धसामग्री यांचे कारखाने झपाट्याने वाढले. लॉस अँजेल्स परगण्याची लोकसंख्या १९४० मध्ये सुमारे २८ लाख होती, ती १९५० मध्ये सुमारे ४१ लाख झाली.

प्रारंभीचे तर्क : २६ जुलै १९४३ रोजी लॉस अँजेल्स शहराच्या मध्यभागी दाट धूरके पसरले व थोड्या अंतरापलीकडचे दिसेनासे झाले. नागरिकांचे डोळे चुरचुरू लागले. युद्धाचे दिवस असल्याने शत्रूने विषारी वायू सोडला असावा, अशीही शंका काहींनी घेतली. लवकरच कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर संशय केंद्रित झाला. लोकांच्या दडपणामुळे तो काही काळ बंद ठेवण्यात आला. परंतु धूरके येतच राहिले.

सेंट लुइस शहर कोळशाच्या धुरापासून मुक्त करण्यात यश मिळविलेले अभियंते रेमंड टकर यांना एका वृत्तपत्राने लॉस अँजेल्सला बोलाविले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी उद्योगधंद्यांबरोबरच घरोघरच्या परसातील कचरा जाळण्याच्या भट्ट्यांकडेही लक्ष वेधले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने हवा प्रदूषण नियंत्रण अधिनियम संमत केला व त्यानुसार लॉस अँजेल्स परगण्यासाठी स्वतंत्र नियंत्रण मंडळ स्थापन झाले. मंडळाचे पहिले संचालक लुई मकॅब यांनी लंडन व पूर्वेकडील शहरांच्या अनुभवास अनुसरून सल्फर डाय-ऑक्साइड व धूर यांच्यावर नियंत्रण घातले. त्याचे प्रमाण बरेच घटले, तरी डोळ्यांची आग व तपकिरी धुंदी कमी झाली नाही. इतरत्र यशस्वी झालेला उपाय येथे निष्फळ ठरल्याने रोगाचे निदानच चुकले असावे, असे वाटू लागले.

पिकांवरील खुणा : खरे निदान होण्यास पिकांची मदत झाली. १९४४ पासून लॉस अँजेल्सच्या आसपासच्या शेतांतील पालक, लेट्यूस, बीट, लसूणघास इ. पिकांच्या पानांची खालची बाजू रुपेरी वा काशाच्या रंगाची होऊन पाने वाळत असल्याचे दिसून येत होते. रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लिंबूवर्गीय फळांच्या प्रयोग केंद्रातील जॉन मिडलटन व त्यांचे सहकारी यांनी या खुणांचा पद्धतशीर अभ्यास केला. सल्फर डाय-ऑक्साइडामुळे पानांवर उमटणाऱ्या परिचित खुणांशी या खुणा जुळत नव्हत्या. अर्थात, हवेत दुसराच एखादा विषारी पदार्थ असला पाहिजे, हे उघड झाले.

हागेन-स्मिट यांचे संशोधन : पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ आरी यान हागेन-स्मिट (१९००–७७) हे वनस्पतींतील वृद्धिकारक हॉर्मोने आणि फळांतील स्वाद व वास देणारे अत्यल्प पदार्थ यांच्या विश्लेषणाबद्दल प्रसिद्ध होते. अननसाच्या वासाचे घटक वेगळे करण्यासाठी वापरलेलीच पद्धत त्यांनी धूरक्याच्या हवेला लावली. हजारो घनफूट हवा अतिशीत सापळ्यांतून ओढून घेतल्यावर त्यांना तपकिरी रंगाच्या, उग्र वासाच्या द्रवाचे काही थेंब मिळाले. त्यांत आल्डिहाइडे, कार्बनी अम्ले व पेरॉक्साइडे आढळली. हे सर्व पदार्थ हायड्रोकार्बनांच्या अंशतः ऑक्सिडीकरणाने तयार होणारे आहेत. म्हणजे मूळ द्रव्य खनिज तेलातील हायड्रोकार्बने असून हवेत त्यांचे ऑक्सिडीकरण होत आहे, असा निष्कर्ष निघाला.

यानंतर हागेन-स्मिट यांनी पेट्रोलच्या वाफा व नायट्रोजन डाय-ऑक्साइड यांचे अल्प प्रमाणातील मिश्रण बंद पात्रात सूर्यप्रकाशात ठेवले. पात्रातील हवेला धूरक्याचा वास आला, तिने डोळे चुरचुरले व तिच्यात ठेवलेल्या रोपांच्या पानांवर शेतांत दिसणाऱ्या खुणाच उमटल्या. अंधारात ठेवलेल्या मिश्रणात यांपैकी काही घडले नाही. लॉस अँजेल्समध्ये मोटारींच्या रबरी टायरांना इतर ठिकाणांपेक्षा लवकर चिरा पडतात, ही गोष्ट व्यापाऱ्यांना ठाऊक होती. ताणलेल्या रबरास चिरा पाडण्याचे काम ओझोन करतो. वाकवून ताणलेल्या रबरी पट्ट्यांना पडणाऱ्या चिरांवरून हवेतील ओझोनाचे प्रमाण मोजण्याची सोपी पद्धत हागेन-स्मिट व त्यांचे सहकारी यांनी विकसित केली. १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी आपले निष्कर्ष एकत्र मांडले. त्यांनुसार धूरक्याची दोन मूळ द्रव्ये, म्हणजे हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे, ही मुख्यत्वे खनिज तेलाचे कारखाने व मोटारगाड्या यांतून येत होती. त्याच वर्षी लॉस अँजेल्स येथील फ्रान्सिस ब्लासेट यांनी नायट्रोजन डाय-ऑक्साइडाचे प्रकाशाने होणारे विघटन हा ओझोनाचा उगम असावा, असे प्रतिपादन केले.

विरोध : हे निष्कर्ष सहजासहजी स्वीकारले गेले नाहीत. खनिज तेल उद्योगाच्या अर्थसाहाय्याने स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत चाललेल्या संशोधनात प्रारंभी त्यांच्याविषयी शंका घेण्यात आल्या. इतक्या विरल प्रमाणात असलेल्या पदार्थांपासून एवढा ओझोन तयार होणे शक्य नाही व तो वरच्या वातावरणातून खाली येत असावा, असाही एक मुद्दा मांडला जाई. प्रत्यक्ष मापनांत ओझोन सूर्योदयानंतर वाढून दुपारी कमाल होतो व रात्री जवळजवळ नाहीसा होतो, असे आढळल्याने हा मुद्दा मागे पडला. लॉस अँजेल्स परगण्याच्या पर्यवेक्षक मंडळाचे सदस्य केनेथ हान यांनी १९५३ पासून डिट्रॉइट येथील मोटार कंपन्यांशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला. निष्कास वायू हवेत त्वरित विरून जातात व त्यांपासून प्रदूषणाचा प्रश्न निर्माण होत नाही, अशा आशयाचे उत्तर प्रारंभी त्यांना मिळाले. प्रदूषण कमी करणाऱ्या साधनांचा विकास व वापर मोटार कंपन्यांनी संगनमताने लांबविला, असा आरोप ठेवून अ. सं. सं. च्या न्याय विभागाने १९६९ मध्ये त्यांच्या संघटनेविरुद्ध दावा दाखल केला. त्याच वर्षी संमतिनाम्याने तो मिटविण्यात आला.

या वादाला व्यावहारिक महत्त्व होते. धूरके मूठभर कारखान्यांमुळे होत असेल, तर त्यांच्यावर निर्बंध घालणे पुरेसे होते. पण ते प्रत्येक कुटुंबाच्या मोटारीमुळे होत असेल, तर दोष सर्वांकडेच येत होता व उपाय मोटारीच्या रचनेतच करावा लागणार होता.

रासायनिक यंत्रणा : नायट्रोजन डाय-ऑक्साइड हा तपकिरी वायू सुमारे ४२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो व त्यामुळे त्याच्या रेणूचे नायट्रिक ऑक्साइड व ऑक्सिजनाचा एक अणू असे विघटन होते. हा अणू हवेतील ऑक्सिजनाच्या रेणूशी संयोग पावून ओझोन तयार होतो. परंतु नायट्रिक ऑक्साइड त्या ओझोनाशी विक्रिया करून पुन्हा नायट्रोजन डाय-ऑक्साइड व ऑक्सिजन बनविते. अशा रीतीने या तीन विक्रियांचे चक्र पूर्ण होते व ओझोनाचे प्रमाण एका समतोलाशी स्थिर राहते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील फिलिप लेटन यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समतोलाचे सविस्तर विवेचन केले. केवळ या चक्राने ओझोन फारसा साचू शकत नाही. तो साचण्यासाठी ओझोन खर्च न होता नायट्रिक ऑक्साइडाचे डाय-ऑक्साइडात रूपांतर करणारा दुसरा मार्ग असावा लागतो. हा मार्ग हायड्रोकार्बने पुरवितात, हे हागेन-स्मिट यांच्या प्रयोगांवरून दिसत होते. तथापि ती नेमकी कशी, हे कोडे सुटण्यास आणखी सुमारे दोन दशके लागली.

या कोड्याचे उत्तर हायड्रॉक्सिल मूलकात सापडले. हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा प्रत्येकी एक अणू असलेले हे मूलक अत्यंत विक्रियाशील असून त्याचे आयुष्य सुमारे एक सेकंद वा त्याहूनही कमी असते. हायड्रॉक्सिलाची शृंखला विक्रिया धूरक्यात घडत असावी, ही कल्पना १९६९ च्या सुमारास मांडली गेली. १९७१ मध्ये हायरम लेव्ही यांनी असे दाखवून दिले की, केवळ शहरांतच नव्हे तर जमिनीलगतच्या स्वच्छ हवेतही हे मूलक सतत तयार होत असले पाहिजे. सुमारे ३२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या जंबुपार प्रकाशाने ओझोनाचे विघटन होऊन ऑक्सिजनाचा उत्तेजित अणू सुटतो व त्याची पाण्याच्या वाफेशी विक्रिया होऊन दोन हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. शहरी हवेत नायट्रस अम्ल व फॉर्माल्डिहाइड यांच्या विघटनापासूनही ती मिळतात.

हायड्रॉक्सिल मूलक हायड्रोकार्बनाच्या रेणूतून हायड्रोजनाचा अणू हिरावून घेते. उरलेल्या भागाशी हवेतील ऑक्सिजन जोडला जाऊन पेरॉक्सी मूलक बनते. हे मूलक आपला एक ऑक्सिजन अणू नायट्रिक ऑक्साइडास देते व त्याचे डाय-ऑक्साइड करते. पुढील टप्प्यात आल्डिहाइड वा कीटोन तयार होऊन हायड्रोपेरॉक्सी मूलक सुटते. तेही नायट्रिक ऑक्साइडाचे ऑक्सिडीकरण करते व या विक्रियेत मूळचे हायड्रॉक्सिल मूलक परत मिळते. हे मूलक पुन्हा दुसऱ्या हायड्रोकार्बनावर क्रिया करण्यास मोकळे होते. प्रत्येक फेरीत तयार झालेल्या नायट्रोजन डाय-ऑक्साइडापासून प्रकाशाने ओझोन मिळतो. म्हणजे या शृंखलेत हायड्रोकार्बन हे इंधन असून नायट्रोजनाची ऑक्साइडे व मूलके उत्प्रेरकासारखे काम करतात. हायड्रॉक्सिल व नायट्रोजन डाय-ऑक्साइड यांच्या संयोगाने नायट्रिक अम्ल बनले की शृंखला खंडित होते.

भर दुपारीही हवेच्या सुमारे दहा लक्ष कोटी रेणूंमागे हायड्रॉक्सिलाचे एखादेच मूलक असते. तरीही कार्बन मोनॉक्साइड, मिथेन व बहुतेक हायड्रोकार्बने यांचे वातावरणातून होणारे निराकरण मुख्यतः त्याच्यामुळेच होते. त्यामुळे धूरक्याचे रसायनशास्त्र हे एका शहराच्या प्रदूषणाचे शास्त्र न राहता संपूर्ण क्षोभावरणाच्या रसायनशास्त्राचा पाया बनले. पॉल क्रुट्झेन यांनी १९७३ मध्ये दूरवरच्या स्वच्छ हवेतही मिथेन व कार्बन मोनॉक्साइड यांच्या ऑक्सिडीकरणापासून ओझोन तयार होतो, असे दाखविले. स्थितांबरातील ओझोनाच्या निर्मितीसंबंधीचे व ऱ्हासासंबंधीचे संशोधनही याच सुमारास झाले. वातावरणीय रसायनशास्त्रातील, विशेषतः ओझोनाच्या निर्मिती व विघटनासंबंधीच्या कार्याबद्दल क्रुट्झेन, मार्यो मोलिना व शेरवुड रोलंड यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

डोळ्यांची आग प्रामुख्याने ओझोनामुळे होत नाही, हेही दरम्यान स्पष्ट झाले होते. १९५६ मध्ये एडगर स्टीफेन्स व त्यांचे सहकारी यांनी धूरक्यात एक अज्ञात संयुग शोधून काढले. त्याची संरचना नंतर निश्चित झाल्यावर त्यास पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट हे नाव मिळाले. डोळे चुरचुरणे व पानांची खालची बाजू रुपेरी होणे यांस हे संयुग कारणीभूत आहे. थंड हवेत ते टिकते व उष्ण हवेत त्याचे विघटन होऊन नायट्रोजन डाय-ऑक्साइड सुटते. त्यामुळे वाऱ्याबरोबर दूर जाऊन ते अन्यत्रही ओझोननिर्मितीस हातभार लावते.

परिणाम : ओझोन हा वायू क्रिस्टिआन फ्रीड्रिख शनबाइन यांनी १८३९-४० मध्ये बाझेल येथे ओळखला व त्याच्या विशिष्ट वासावरून ग्रीक भाषेतील शब्दाच्या आधारे त्यास नाव दिले. एकोणिसाव्या शतकात ओझोनयुक्त हवा आरोग्यदायक मानली जाई. पॅरिसजवळील माँसूरी वेधशाळेत १८७६ पासून घेतलेल्या नोंदींच्या पुनर्विश्लेषणावरून त्या काळी हवेत दर अब्ज भागांत सुमारे १० भागच ओझोन होता, असा अंदाज १९८८ मध्ये करण्यात आला. १९५५ मध्ये लॉस अँजेल्सच्या परिसरात दर दशलक्ष भागांत ०·५ भागांपेक्षा अधिक, म्हणजे त्याच्या पन्नासपटींहून जास्त ओझोन नोंदला गेला.

ओझोन श्वासनलिकांच्या अस्तराचा दाह करतो, फुप्फुसांची कार्यक्षमता घटवितो व दम्याचे विकार वाढवितो. उघड्यावर खेळणारी मुले व श्रम करणारे लोक यांना त्याचा त्रास अधिक होतो. जुलै १९७० मध्ये टोकिओतील सुगिनामी विभागातील एका शाळेच्या मैदानावर व्यायाम करीत असलेल्या विद्यार्थिनींना डोळ्यांची जळजळ व श्वसनाचा त्रास झाल्याने हा प्रश्न जपानमध्ये ऐरणीवर आला. वनस्पतींच्या बाबतीत द्राक्षवेलींच्या पानांवरील ठिपके व तंबाखूच्या पानांवरील डाग हे ओझोनाचे परिणाम असल्याचे १९५८-५९ मध्ये सिद्ध झाले. सॅन बर्नार्डिनो पर्वतातील पाँडेरोसा पाइन वृक्षांच्या पानांचे अकाली पिवळे पडणे व गळणे यांचे कारणही खोऱ्यातून वर चढणारा ओझोन हेच निघाले.

नियंत्रणाचे टप्पे : परसातील भट्ट्यांवर १९५७ मध्ये बंदी आली व तेल कारखान्यांच्या टाक्यांतून होणारे बाष्पीभवन रोखण्यात आले. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेच्या गुणवत्तेची मानके ठरविली व १९६० मध्ये मोटारगाड्यांच्या प्रदूषणासाठी राज्य मंडळ नेमले. एंजिनाच्या तळाच्या पेटीतून गळणाऱ्या वाफा पुन्हा एंजिनात सोडण्याची साधी योजना १९६१ पासून कॅलिफोर्नियातील नव्या गाड्यांत आली. निष्कास वायूंविषयीची मानके तेथे १९६६ च्या प्रतिमानांना व १९६८ मध्ये देशभर लागू झाली. हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड कमी करण्यासाठी इंधनाच्या मानाने हवेचे प्रमाण वाढविल्याने ज्वलनाचे तापमान वाढले आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे मात्र अधिक निर्माण होऊ लागली. एका प्रदूषकावरील उपाय दुसऱ्यास वाढवू शकतो, याचे हे प्रारंभीचे उदाहरण होय.

१९६७ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया हवा संसाधन मंडळाचे हागेन-स्मिट हे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या संघीय शुद्ध हवा अधिनियमाने मोटारींच्या निष्कासातील हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड १९७५ पर्यंत आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे १९७६ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, तरी १९७५ च्या प्रतिमानांपासून उत्प्रेरकी परिवर्तक बसविण्यास सुरुवात झाली. शिशामुळे उत्प्रेरक निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करणे भाग पडले व त्यातून लोकांच्या, विशेषतः बालकांच्या, रक्तातील शिसे घटले, हा मोठाच आनुषंगिक लाभ झाला. प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या धातूंच्या साहाय्याने तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी क्रिया करणारे परिवर्तक १९८१ च्या सुमारास सार्वत्रिक झाले. इंधनाची विक्री जवळजवळ तिपटीने वाढूनही १९६० ते २०१० या अर्धशतकात लॉस अँजेल्सच्या हवेतील बाष्पनशील कार्बनी संयुगांचे प्रमाण सुमारे ५० पटींनी घटले.

अरेषीय संबंध : मूळ द्रव्ये घटली म्हणजे ओझोन त्याच प्रमाणात घटतो असे नाही. नायट्रोजनाची ऑक्साइडे फार असलेल्या शहरी हवेत ती थोडी कमी केल्यास ओझोन उलट वाढतो. कारण ओझोन नष्ट करणारे नायट्रिक ऑक्साइड व शृंखला तोडणारे नायट्रोजन डाय-ऑक्साइड ही दोन्ही कमी झालेली असतात. अशा ठिकाणी प्रथम हायड्रोकार्बने घटविणे परिणामकारक ठरते. याउलट ग्रामीण भागात व शहराच्या वाऱ्याकडील परिसरात नायट्रोजनाची ऑक्साइडे हाच मर्यादित करणारा घटक असतो. सुट्टीच्या दिवशी मालमोटारींची वाहतूक कमी असूनही अनेक शहरांत ओझोन अधिक आढळण्याचे, तसेच शहराच्या मध्यभागापेक्षा उपनगरांत तो जास्त असण्याचे कारण यातच आहे. १९८८ मध्ये विल्यम शामाइडिस व त्यांचे सहकारी यांनी अटलांटा शहरासंबंधी असे दाखविले की, वृक्षांपासून निसर्गतः बाहेर पडणारे आयसोप्रीन हे हायड्रोकार्बनच तेथे एवढे असते की, केवळ मानवनिर्मित हायड्रोकार्बने घटवून फारसे साधणार नाही. १९९१ मध्ये अ. सं. सं. च्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या प्रश्नाचा फेरविचार करून अनेक भागांत नायट्रोजनाच्या ऑक्साइडांवर भर देण्याची आवश्यकता प्रतिपादन केली. २०१८ मध्ये असेही दिसून आले की, औद्योगिक देशांतील शहरांत मोटारींचा वाटा घटल्यामुळे रंग, छपाईची शाई, चिकटविण्याची द्रव्ये, सुगंधी प्रसाधने इ. रासायनिक उत्पादनांपासून येणारी बाष्पे ही खनिज इंधनजन्य कार्बनी प्रदूषणाचा सुमारे निम्मा भाग झाली आहेत.

अन्य शहरे : मेक्सिको सिटी हे सुमारे २,२४० मी. उंचीवर व पर्वतांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. विरळ हवेतील अपुरे ज्वलन व तीव्र जंबुपार प्रकाश यांमुळे तेथील ओझोन १९९० च्या सुमारास जगात सर्वांत वाईट ठरला होता. गाडीच्या क्रमांकानुसार आठवड्यातून एक दिवस ती न वापरण्याचा नियम १९८९ मध्ये आला व १९९१ मध्ये शहरातील मोठा तेल परिष्करण कारखाना बंद करण्यात आला. डॉनल्ड ब्लेक व शेरवुड रोलंड यांनी १९९५ मध्ये घरगुती स्वयंपाकाच्या गॅसची गळती हाही तेथील ओझोनाचा एक महत्त्वाचा स्रोत असल्याचे निदर्शनास आणले. चीनमध्ये लान्जो शहराच्या खनिज तेल रसायनांच्या औद्योगिक परिसरात १९७४ मध्ये या धूरक्याचा प्रथम शोध लागला. २०१३ नंतर चीनने सूक्ष्म कणांचे प्रमाण झपाट्याने घटविले. पण त्याच काळात अनेक शहरांतील ओझोन वाढला. मूलके शोषून घेणारे कण कमी झाल्याचा तो परिणाम असावा, असे एक स्पष्टीकरण देण्यात आले आहे.

भारतातील स्थिती : भारतात भूपृष्ठालगतच्या ओझोनाची मापने भारतीय वातावरणविज्ञान विभागाने पुणे व अन्य केंद्रांवर अनेक दशके केली असून ॲना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली ओझोनमापक उपकरणांचा विकासही झाला. पावसाळ्यात ढगाळ हवा, समुद्रावरून येणारे स्वच्छ वारे व पर्जन्य यांमुळे ओझोन कमी असतो. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तो वाढतो. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक सक्तीचा झाला व २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार ओझोनाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी दर घ. मी. हवेत १०० मायक्रोग्रॅम व एका तासासाठी १८० मायक्रोग्रॅम आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने दिल्ली (२०१०), पुणे (२०१३) व मुंबई (२०१५) या शहरांसाठी हवेच्या गुणवत्तेचा अंदाज वर्तविणारी यंत्रणा सुरू केली. याच संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००५ या वर्षी ओझोनामुळे देशात गव्हाचे सुमारे ३५ लाख टन व भाताचे सुमारे २१ लाख टन नुकसान झाले. शहरांतील वाहने व उद्योगधंदे यांचा भार अशा रीतीने दूरच्या शेतकऱ्यावरही पडतो. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात रस्त्यांवरील वाहने जवळजवळ थांबून नायट्रोजनाची ऑक्साइडे एकदम घटली, तरी जगातील अनेक शहरांत ओझोन घटण्याऐवजी वाढला. नियंत्रणाची आखणी करताना स्थानिक रासायनिक स्थिती लक्षात घेणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसून येते.

लॉस अँजेल्समधील कमाल ओझोन १९५५ च्या तुलनेत पुष्कळच उतरला असला, तरी अ. सं. सं. ने २०१५ मध्ये ठरविलेले दर दशलक्ष भागांत ०·०७० भाग हे आठ तासांचे मानक तेथे दरवर्षी अनेक दिवशी ओलांडले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आठ तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा कायम ठेवून उच्च ओझोनाच्या हंगामातील दैनंदिन कमाल मूल्यांच्या सरासरीसाठी ६० मायक्रोग्रॅम ही नवी शिफारस केली. मिथेन व दूरवरून वाहून येणारी प्रदूषके यांमुळे ओझोनाची पार्श्वभूमीची पातळीच वाढलेली असल्याने एकट्या शहराच्या प्रयत्नांना मर्यादा पडतात. त्यामुळे एका खोऱ्यातील नागरिकांच्या तक्रारीपासून सुरू झालेल्या या प्रश्नाचे नियंत्रण आता शेजारील प्रदेशांच्या व राष्ट्रांच्या सहकार्यावर अवलंबून आहे.